साडूच्या दुर्बिणीतून

घरटं थोरल्यानं स्वतःच्या हातांनी केलं होतं. मोडीत काढलेल्या दाराच्या फळ्यांना रंधा मारला, कोपऱ्यांना पितळी स्क्रू बसवले, पाणी निचरायला तळाला भोकं पाडली, वर उतरतं छप्पर घातलं. आत गोल, गुळगुळीत खडी धुऊन-वाळवून पसरली, कारण खडीला धार असली तर अंड्याला चरा जातो असं त्याच्या वाचनात आलं होतं. एवढी बडदास्त त्यानं माझी कधी ठेवली नाही, असं त्याची बायको म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तो कचेऱ्यांच्या एका उंच इमारतीत लिफ्टचा मिस्त्री होता. इमारतीच्या माथ्यावर लिफ्टची मशीन-रूम, तिला एक लहानशी खिडकी, खिडकीबाहेर हातभर रुंदीचा सज्जा आणि सज्ज्यावर ही पेटी. बहिरी ससाणे मूळचे कड्याकपारीतले. पारव्यांवर आभाळातून दगडासारखी कोसळणारी ही शिकारी पाखरं शहरात आली की उंच इमारतींनाच कडे समजतात. एका जोडीनं थोरल्याची पेटी पहिल्याच हंगामात पसंत केली. मादीनं अंडी घातली, विटकरी रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. त्यातून काही निघालं नाही. पुढच्या वर्षी निघालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, मालगाड्यांच्या धक्क्याजवळ धान्याचं एक उंच कोठार आहे. तिथंही एक जोडी होती. तिला कोणी पेटी करून दिली नव्हती की खडी घातली नव्हती. उघड्या काँक्रीटवर, भुशात आणि पारव्यांच्या घाणीत त्या मादीनं अंडी घातली आणि दर वर्षी धडधाकट पिल्लं आभाळात सोडली. कोठारात धान्याचा पट्टा चालवायला जो माणूस होता, तो थोरल्याचा साडू.

खरं दुखणं इथं होतं.

सासुरवाडीत दोघांनाही नावानं कोणी बोलवत नसे. एक थोरले जावई, एक धाकटे जावई. बोलता बोलता ‘जावई’ गळून पडलं आणि थोरले-धाकटे उरलं. थोरला त्या घरात पहिला आला. बरीच वर्षं एकटाच जावई होता आणि तेवढी सगळी वर्षं खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसला. पानात पडेल ते जेवला, दुसऱ्यांदा मागितलं नाही. मग धाकटीचं लग्न झालं. धाकटा पहिल्यांदा जेवायला आला, हातानं पातेलं पुढं ओढून तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि जेवण झाल्यावर सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर आडवा होऊन घोरायला लागला. आता याची खरडपट्टी निघणार म्हणून थोरला वाट बघत राहिला. सासूबाई आतून चादर घेऊन आल्या आणि त्यांनी ती धाकट्याच्या अंगावर घातली.

ती चादर थोरला आजतागायत विसरला नव्हता.

त्यात धाकटा वाईट माणूस असता तर सोय झाली असती. तो तसाही नव्हता. दोघं एकमेकांना ‘साडूभाऊ’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. धाकटा कोणालाही पहिल्या भेटीत ‘तू’ म्हणायचा, पण थोरल्याच्या ताठ पाठीपुढं त्याचंही काही चाललं नव्हतं.

रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवत. त्या वसंतातल्या एका रविवारी धाकट्यानं तोंडात घास असतानाच खबर दिली.

“यंदा दोनच निघाली, साडूभाऊ. एक अंडं वाया गेलं बघा.”

दोनच. थोरल्यानं तो ‘च’ पाण्याबरोबर गिळला.

“तुमचं काय म्हणतंय?” धाकट्यानं विचारलं.

“बसलीय अजून.”

“अजून? मग काही खरं नाही.”

“हाताला यश असतं एकेकाच्या,” सासूबाई धाकट्याकडे बघत म्हणाल्या.

“माझा कसला हात, आई! मी वर जातच नाही. तो जिना बघितला की माझे गुडघे रडायला लागतात. दुर्बिणीतून खालूनच बघतो, तेही आठवण झाली तर.”

थोरल्याला हा विनय खोटा वाटला. ज्याला सगळं आयतं मिळतं त्याला असा विनय परवडतो, असं त्याचं मत होतं. परतीच्या वाटेवर बायकोनं त्याच्याकडे दोनदा बघितलं.

“पोटात दुखतंय का?”

“नाही.”

“मग तोंड असं का?”

“माझं तोंड असंच आहे.”

“लग्नात नव्हतं,” ती म्हणाली. “अहो, पाखरं आहेत ती. धाकट्यांना बढती मिळाली आणि तुम्हाला नाही, असं काही झालेलं नाही.”

बढती धाकट्याला खरोखरच मिळाली असती तर त्याला इतकं लागलं नसतं. पण ही मादी थोरल्याची होती. ती त्याला ओळखत होती. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यात एक अडचण होती.

शहरातल्या शिकारी पक्ष्यांवर देखरेख ठेवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना पक्षीबाई म्हणत. भुवईवर नखाचा जुना व्रण, बोलणं तुटक, पायांत कायम जाड बूट. पेटी बसवली तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की मादी अंड्यांवर बसल्यापासून पिल्लं उडेपर्यंत ही खिडकी उघडायची नाही. थोरल्यानं तो नियम ठळक अक्षरांत लिहून खिडकीवर चिकटवला. रंगारी आले, वायरमन आले, साफसफाईवाले आले, सगळ्यांकडून त्यानं तो काटेकोर पाळून घेतला. फक्त स्वतःला तो त्यांच्यात धरत नव्हता.

रोज चहाच्या वेळी तो कप घेऊन खिडकीशी जाई, कडी काढी, बोटभर फट करी. मादी अंड्यांवरून उठे, सज्ज्याच्या टोकाशी जाई, झेप घेई आणि इमारतीभोवती गोल फिरत आवाज देई. कॅक-कॅक-कॅक-कॅक. थोरला कप उंचावून म्हणे, “कळलं, कळलं. आलोय.” चहा संपेपर्यंत हे चाले. कधी साखर कमी पडली तर तो तेही तिला सांगे. दिवसभर मोटरींच्या घरघरीत आणि रिलेच्या टिकटिकीत एकट्यानं काम करणाऱ्या माणसाशी कोणीतरी ठरल्या वेळी बोलतं, याचं त्याला अप्रूप होतं. धाकट्याच्या कोठारावरची मादी धाकट्याला असा आवाज देत नव्हती. हे त्यानं आडून आडून विचारून घेतलं होतं.

त्याच आठवड्यात पक्षीबाईंचा फोन आला.

“पुलाखालच्या घरट्यात दोन पिल्लं आहेत. पुलाचं रंगकाम निघालंय आणि तसंही तिथली पिल्लं पहिल्या झेपेत पाण्यातच जातात. ती उचलायचीत. त्यांना दुसरे आईबाप हवेत.”

“माझी आहे ना,” थोरला म्हणाला. “म्हणजे, माझ्या इमारतीवरची.”

“तेच विचारतेय. बसलीय ना ती अजून अंड्यांवर?”

“जागची हलत नाही.”

“मग जमेल. यांना आपलं-परकं कळत नाही. अंड्यांच्या जागी पिल्लू दिसलं आणि त्यानं तोंड उघडलं, की ती भरवते. एकदा भरवलं की तिचंच झालं. फक्त तिनं परत येऊन शांतपणे बसायला हवं. पिल्लं मी जरा भुकेली ठेवणार आहे, त्यामुळे संध्याकाळपर्यंतच वाट बघता येईल. नाहीच भरवलं तर उचलून कोठारावर नेईन. तिथं यंदा दोनच आहेत, आणखी दोन सहज खपतील.”

थोरल्यानं फोन ठेवला आणि हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला. आपल्याकडे शून्य आणि धाकट्याकडे चार.

ठरल्या दिवशी सकाळी पक्षीबाई आल्या त्या धाकट्याला बरोबर घेऊन. त्याची सुट्टी होती आणि बाईंना एक जास्तीचा माणूस हवा होता. पिल्लांचं खोकं धाकट्याच्या कुशीत होतं. लिफ्टमध्ये पिल्लं चिरचिर करत होती. धाकट्यानं खोक्याच्या भोकाशी तोंड नेऊन “काय रे, काय झालं?” म्हटलं, आणि ती गप्प झाली. थोरला मजल्यांचे आकडे बघत उभा राहिला.

मशीन-रूममध्ये बाईंनी हेल्मेट चढवलं आणि थोरल्याच्या हातात लांब दांड्याचा झाडू दिला.

“माझ्या डोक्याच्या वर धरा. ससाणा सगळ्यांत उंच टोकावर मारतो. झाडू खाली आला तर माझी मान जाईल.”

“तशी ती नाही मारणार,” थोरला म्हणाला. “मी असताना नाही.”

बाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि खिडकी उघडली. त्या सज्ज्यावर वाकल्या तोच मादी आली. झाडूच्या काड्या उडाल्या, दांडा थोरल्याच्या हातात थडथडला. ती वळून पुन्हा आली, आणि पुन्हा. तिचे काळे डोळे थोरल्यावरून असे गेले, जसे ते खिडकीच्या चौकटीवरून गेले. एवढ्या गडबडीत ओळख पटली नसेल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

काम पटकन झालं. बाईंनी अंडी पिशवीत घेतली, पिल्लं खडीवर ठेवली, खिडकी लावली. पिल्लं म्हणजे पांढऱ्या लवेचे दोन गोळे, एक मोठं, एक लहान, पोटापेक्षा पाय मोठे. बाईंनी एक अंडं कानाशी धरून हलवलं.

“नासलंय. सुरुवातीलाच गार पडलं असणार.”

“गार कशानं पडेल?” धाकट्यानं विचारलं.

“मादी वरचेवर उठली तर. सुरुवातीच्या थंडीत थोडा वेळही पुरतो. वादळ, दुसरे पक्षी, माणसं.”

“माणसं इथं येत नाहीत,” थोरला म्हणाला. त्यानं कागदाकडे बोट दाखवलं. “नियम आहे.”

आता प्रश्न उरला नजर ठेवण्याचा. बाईंना पुलावर जाऊन तिथल्या रंगकामवाल्यांशी बोलायचं होतं. समोर मोटारी लावायची बहुमजली इमारत होती. तिच्या गच्चीवरून पेटी अगदी समोर दिसे. बाईंनी गळ्यातली मोठी दुर्बीण काढली. थोरल्याचा हात पुढं झाला. ती दुर्बीण धाकट्याच्या गळ्यात पडली.

“तुम्ही बसा तिथं. तुम्हाला सवय आहे, तुम्ही गडबड करत नाही. तिनं भरवलं की मला फोन करा. आणि मिस्त्री, आज या खिडकीकडे फिरकायचं नाही.”

“मी कशाला फिरकतोय,” थोरला म्हणाला.

पेटी याची, मादी याची, इमारत याची. आणि बघायला साडू.

मशीन-रूममध्ये लिफ्टच्या एका ब्रेकचं काम होतं. थोरल्यानं हत्यारं मांडली आणि ब्रेककडे पाठ करून बसला. फोन वाजला.

“बसलो बुवा,” धाकटा म्हणाला. “झकास जागा आहे. तुमची मादी पाण्याच्या टाकीवर बसलीय. मान वाकडी करून खाली बघतेय. मी जरा पाव खातोय, मचमच ऐकू आली तर माफ करा.”

“पिल्लं?”

“तोंडं उघडतायत. लहानाचं तोंड तर त्याच्या अंगापेक्षा मोठं आहे. थांबा. उतरली! सज्ज्यावर उतरली, साडूभाऊ. चालतेय. मुठी आवळून चालावं तशी, नखं आत वळवून. काय रुबाब आहे हो!”

रुबाब थोरल्याला ठाऊक होता. त्याच्या मादीचा रुबाब त्याला साडूच्या तोंडून, पावाच्या घासासकट ऐकावा लागत होता. एक भिंत आणि एक काच, एवढंच मध्ये होतं. तो उठला. फक्त फट. बोटभरसुद्धा नाही. फोन कानाला तसाच ठेवून त्यानं कडी काढली.

“अरेच्चा,” धाकटा म्हणाला. “उठली. गेली.”

थोरल्यानं खिडकी ओढली. “का?”

“काय माहीत. चांगली चालली होती.”

दुसऱ्या वेळी नर पारवा घेऊन आला. मादीनं तो हवेतच त्याच्याकडून घेतला, टाकीवर बसून सोलला आणि तोंडात लालभडक तुकडा घेऊन सज्ज्यावर उतरली. हे सगळं धाकट्यानं इतकं रंगवून सांगितलं, की थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. असला क्षण आयुष्यात एकदा येतो आणि तो बघणार कोण, तर ज्याला काही पडलेली नाही तो. खिडकीची कडी त्याच्या हातात कधी आली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“गेली परत! तुकडा घेऊन गेली. च्यायला.”

मग बराच वेळ ती आलीच नाही. पिल्लांची हालचाल मंदावली. धाकट्याच्या आवाजातला पावही संपला. पक्षीबाईंनी त्याला दोनदा फोन करून विचारलं आणि तो ‘नाही अजून’ म्हणाला, हे त्यानं थोरल्याला सांगितलं.

“बाई म्हणतात, खोकं घेऊनच येते. कोठारावर न्यायची तयारी ठेवा म्हणतात. मी म्हटलं, थांबा हो, त्यांच्या इमारतीवर व्हायला पाहिजे यंदा. एवढी मेहनत घेतात साडूभाऊ.”

शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

तिसऱ्या वेळी मादी उतरली ती थेट पेटीच्या तोंडाशी. धाकटा कुजबुजत होता, जणू मोठ्यानं बोललं तर तिला ऐकू जाईल. “वाकली. वाकतेय...” थोरल्याचा हात कडीवर होताच. त्यानं श्वास धरला आणि केसाएवढी फट केली.

कॅक-कॅक-कॅक-कॅक. आवाज त्याला दोनदा ऐकू आला, एका कानात खिडकीतून आणि लगोलग दुसऱ्या कानात फोनमधून.

“ऐकलंत?” धाकटा म्हणाला. “पिसाळलीय. मागं आमच्या कोठारावर मांजर चढलं होतं ना, तेव्हा तिथली मादी अशीच ओरडत होती. डिट्टो. ते मांजर उतरेपर्यंत थांबली नाही.”

थोरल्यानं खिडकी ओढून घेतली.

फोनवर धाकट्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, “साडूभाऊ, एक विचारू? तुमच्या त्या खिडकीची काच मधूनच चमकते. चमकली की ती उठते. तिन्ही वेळा तसंच झालं.”

“वारा असेल,” थोरला म्हणाला. “कडी ढिली आहे.”

“असेल,” धाकटा म्हणाला. “कडी घट्ट करता येईल का?”

थोरल्यानं फोन बंद केला.

चहाचा कप खिडकीच्या खालच्या फळीवर होता. रोजची जागा. तिथं लाकडावर कपाच्या बुडाची वर्तुळं उमटली होती, एकावर एक, इतक्या वसंतांची. प्रत्येक वर्तुळामागे मादीचं अंड्यांवरून एक उठणं. तो कप उंचावून ‘आलोय’ म्हणायचा आणि ती त्याला जे सांगायची तेच तिच्या जातीनं धाकट्याच्या मांजराला सांगितलं होतं. आणि धाकट्याच्या हाताला यश होतं ते एवढ्यासाठीच, की त्याचे गुडघे दुखत होते.

हे कोणावर ढकलता येत नव्हतं. त्यानं एकदा प्रयत्न करून बघितला.

त्यानं खिडकी घट्ट लावली, कडीवर कापडाची चिंधी आवळून बांधली, दाराला कुलूप घातलं आणि खाली येऊन किल्ली पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवली.

“ही संध्याकाळपर्यंत मला द्यायची नाही.”

“म्हणजे?” पहारेकरी म्हणाला. “किल्ली तुमचीच ना?”

“मी मागितली तरी नाही.”

“आणि लिफ्ट अडकली तर?”

“तर दे. पण खरंच अडकली असली तरच.”

मग तो तळघरात उतरला आणि तिथून शिडीनं लिफ्टच्या खड्ड्यात. इमारतीत त्याहून खाली जायला जागा नव्हती. तिथं फोन लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बरेच दिवस राहिलेलं काम होतं तिथं, खड्डा साफ करण्याचं. वर दाराच्या फटीतून जे जे निसटतं ते सगळं शेवटी या खड्ड्यात येतं. तेलकट चिखलात पेनं होती, केसांचे चाप, एक कानातलं, कोणाच्या तरी कपाटाची किल्ली, एक दात घासायचा ब्रश, तो इथं कसा आला देव जाणे. थोरला एकेक पुसून डब्यात टाकत होता. डोक्यावरून लिफ्ट येई, थांबे, जाई. आवाजावरून त्याला मजला कळे. डोक्यात मात्र सगळा वेळ समोरची गच्ची होती. आता उतरली असेल. आता तो बघत असेल. आता तो हसला असेल, तोंड उघडून, सगळे दात दाखवून.

एकदा तो वर गेलाच.

“किल्ली दे. तीन नंबरची लिफ्ट आवाज करतेय.”

“आत्ता मी तिच्यातूनच आलो,” पहारेकरी म्हणाला. “मुकी आहे.”

“मला शिकवतोस?”

“शिकवत नाही, मिस्त्री. तुम्हीच शिकवलंय.”

थोरला पुन्हा खड्ड्यात गेला.

ऊन कलल्यावर तो बाहेर आला. फोनला जीव आला आणि धाकट्याचे चुकलेले कॉल एकाखाली एक उमटले. खाली बायकोचा निरोप होता: ‘कुठं आहात? धाकटे शोधतायत.’ त्यावरून काहीच कळत नव्हतं. चांगली बातमी असली तरी तो शोधणार, वाईट असली तरी. थोरल्यानं फोन लावला नाही. रस्ता ओलांडला आणि मोटारींच्या इमारतीचा उतार चढत गच्चीवर गेला.

पक्षीबाई तिथं होत्या. त्यांच्या पायाशी रिकामं खोकं होतं. थोरल्याची नजर आधी खोक्यावर गेली. रिकामं म्हणजे अजून भरायचंय, की आता भरायचं नाही?

“या, या!” धाकटा ओरडला. “होतात कुठं? भरवलं की! दुपारपासून दोनदा भरवलं. आता पंख पसरून बसलीय दोघांवर.”

थोरल्याला बरं वाटलं. खरंच वाटलं. पण त्या बरं वाटण्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं आणि शेजारी येऊन बसलं, आणि तेच जास्त ओळखीचं होतं.

“सकाळी मात्र सारखी उठत होती म्हणता,” पक्षीबाई धाकट्याला म्हणाल्या. “ते काय होतं मग? मला कळायला हवं. पुढच्या वर्षी तिची स्वतःची अंडी टिकायची तर.”

थोरल्यानं खाली बघितलं. हाताला खड्ड्यातलं तेल होतं.

“वारा होता,” धाकटा म्हणाला. “खिडकीची कडी ढिली होती म्हणे, काच हलत होती. साडूभाऊंनी केली घट्ट. त्यानंतर उठली नाही.”

पक्षीबाईंनी आधी धाकट्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे, मग थोरल्याच्या तेलकट हातांकडे. “घट्टच राहू दे ती,” म्हणाल्या आणि खोकं उचलून निघाल्या.

दोघंच राहिले. धाकट्याच्या जागी दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं हे सगळं रविवारी जेवताना सासूबाईंसमोर सांगितलं असतं, आणि तो माणूस म्हणजे आपणच, हे थोरल्याला स्वच्छ दिसत होतं. धाकटा सांगणार नव्हता. चांगुलपणासुद्धा त्यानंच नेला होता, थोरल्यासाठी तेवढाही शिल्लक ठेवला नव्हता.

“दाखवा,” थोरला म्हणाला.

दुर्बीण धाकट्याच्या डोळ्यांना जुळवलेली होती. थोरल्याला आधी नुसतं धूसर दिसलं. त्यानं चाक फिरवलं, जास्त फिरवलं, मागं आणलं. मग पेटी दिसली, पितळी स्क्रूंसकट. मादी आत होती. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, जड झाल्यासारखी. इतक्या वर्षांत त्यानं तिला अशी कधी बघितली नव्हती. त्याला ठाऊक होती ती ताठ मानेची, डोळे वटारलेली, आभाळात ओरडणारी. ही दुसरीच कोणीतरी होती, आणि धाकट्याला ती पहिल्या दिवशीच दिसली होती.

“पहिला घास कोणाला दिला?” त्यानं दुर्बीण न काढता विचारलं.

“लहानाला. मोठं मागं बसून बघत होतं.”

“आणि मग मोठ्याला?”

“दिला की. नंतर.”

थोरला बघत राहिला.

खिडकीवर आता पत्रा आहे. थोरल्यानंच ठोकला, आतून, चारी बाजूंनी. नियमाचा कागद त्यानं काढून टाकला, कारण तो आता कोणाला लागू नव्हता. त्या वर्षी दोन्ही पिल्लं उडाली. पुढच्या वसंतात मादीनं स्वतःची अंडी घातली आणि त्यांतून तीन निघाली. रविवारी सासूबाई म्हणाल्या, “हाताला यश आलं हो थोरल्यांच्या.” थोरल्यानं मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात दुसऱ्यांदा वाढून घेतलं. धाकटा मध्ये काही बोलला नाही. तो घोरत होता.

पक्षीबाईंनी धाकट्याला समोरच्या गच्चीवरचा कायमचा निरीक्षक केलंय. सुट्टीच्या दिवशी तो तिथं पाव घेऊन बसतो. थोरल्याला पेटीतली प्रत्येक गोष्ट त्याच्याकडूनच कळते: कितवं अंडं, कोण आधी निघालं, कोण हावरट, कोणाला आधी पंख फुटले. तो बारीकसारीक सगळं विचारून घेतो आणि ऐकताना त्याच्या कपाळावरची शीर उडते. बायको म्हणते, मग स्वतः जाऊन का बसत नाही गच्चीवर? तो म्हणतो, कामं असतात.

चहा तो अजून मशीन-रूममध्येच घेतो, पत्र्याकडे पाठ करून. बाहेरून काही आवाज येत नाही. कप रिकामा होईपर्यंत तो कान देऊन बसतो, आणि आवाज आला नाही की उठून कामाला लागतो.